लॉन्ड्रीचं डोकं

सोमवार, ४

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून लिहितेय, नाहीतर मला असल्या गोष्टींची हौस नाही. डोकं दुखलं का, किती वेळ, त्याआधी काय खाल्लं, झोप झाली का, एवढंच लिहायचं आहे. पण समोर कोरं पान आहे आणि मी दोन ओळींत गप्प बसले, असं होणं कठीण.

तर आज दुखलं. सकाळी डाव्या डोळ्यापुढे ती चमचमणारी नागमोडी रेघ आली, आणि मग अर्ध्या डोक्यात कुणीतरी खिळे ठोकायला बसलं. उलटी झाली. खिडक्या लावून, ओला रुमाल बांधून पडले. दाराबाहेर दीर येऊन उभा.

"वहिनी, कसं आहे?"

"मरतेय," मी म्हटलं.

"म्हणजे चादरी गच्चीवरून काढू ना?"

काढल्या. दुपारनंतर पाऊस नुसता कोसळला, एक अभ्रासुद्धा भिजला नाही. सासूबाईंनी दार किलकिलं करून सांगितलं, "शाबास हो!" मी उशीत तोंड खुपसून पडले होते.

आमची घरचीच लॉन्ड्री आहे. खाली यंत्रं, वर आम्ही, आमच्या वर गच्ची. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. दीर वयाने धाकटा पण धंदा तोच बघतो, जाऊ काउंटरला बसते, माझा नवरा बॉयलरपाशी असतो, सासूबाई सगळ्यांवर नजर ठेवतात आणि मी इस्त्री करते. ऊन असलं की चादरी गच्चीत, पाऊस असला की मागच्या शेडमध्ये पंख्याखाली. शेडमध्ये वाळायला फार वेळ लागतो आणि कुबट वास येतो तो वेगळाच. म्हणून पाऊस येणार की नाही हे आधी कळलं पाहिजे, आणि ते माझ्या डोक्याला कळतं. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंच्या ध्यानात आलं. मोबाइलवर हवामान कळतं की, असं मी एकदा दिराला म्हटलं. तो म्हणाला, "मोबाइल सगळ्या शहराचं सांगतो वहिनी. तुमचं डोकं आपल्या गच्चीचं सांगतं."

शुक्रवार, ८

मंगळवारी दुखलं, पाऊस. बुधवारी दुखलं, पाऊस. आज डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हणाल्या, हवेचा दाब घसरला की काहींची अर्धशिशी उठते, त्यात जादूटोणा काही नाही. नेहमीच्या गोळ्यांनी मला गुण येत नाही, म्हणून आता सीबीडी तेलाची बाटली दिली. भांगेच्या जातीच्या रोपाचं असतं, पण नशेचा भाग काढलेला. जिभेखाली थेंब धरायचे. "फार आशा लावून बसू नका," त्या म्हणाल्या. "काहींना बरं वाटतं, काहींना काही होत नाही, अजून पक्कं कुणीच सांगू शकत नाही. तोंड कोरडं पडेल, झोप येईल. आणि मनाने थेंब वाढवायचे नाहीत."

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता सून भांग घेणार!"

"आई, नशा नाही त्यात."

"नशा नाही तर मग घेतेस कशाला?"

जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती. नवरा भात कालवत होता, त्याने मान वर केली नाही. सगळं जग येऊन माझ्या डोक्याची विचारपूस करतं, पण या माणसाने आजवर एकदा विचारलं असेल तर शपथ.

शनिवार, ९

पहिले थेंब घेतले. चव गवत चावल्यासारखी. सासूबाई समोर खुर्ची ओढून बसल्या आणि मी नाचायला कधी लागते ते बघत राहिल्या. अर्ध्या तासाने त्यांनाच डुलकी लागली.

गुरुवार, १४

दुखलं नाही. काल नाही, परवा नाही. लिहायलासुद्धा भीती वाटते, दृष्ट लागायची. दुपारी मात्र दाबून झोप येते.

आज जिन्यातून खाली उतरताना माझ्याच लक्षात आलं की मी काहीतरी गुणगुणतेय. गाणं कुठलं ते आठवेना. बॉयलरपाशी नवरा होता, त्याने वळून पाहिलं आणि परत वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसला. इतका अरसिक माणूस मी जन्मात पाहिला नाही.

शनिवार, १६

घात झाला. दुपारी झोप लागली, डोकं अगदी हलकं. उठले तर खाली आरडाओरडा. पाऊस येऊन गेला होता आणि हॉटेलच्या सगळ्या चादरी गच्चीत चिंब, वर धुरकट हवेचे काळे ठिपके. परत धुवायला लागल्या.

"वहिनी, काही बोलला नाहीत?" दीर म्हणाला. रागावून नाही, दुखावून.

"भाऊजी, दुखलंच नाही हो."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

सगळे असे बघायला लागले की जणू मी कपाटाची किल्ली हरवून आलेय. आणि मी काय करावं? मी माफी मागितली! डोकं दुखलं नाही म्हणून माफी! रात्री जेवताना मी घास चिवडत बसले. मनात येत होतं, इस्त्री तर जाऊलाही येते. मग दुखलंच नाही तर या घरात मी कोण? असलं काही मनात आलं की लाज वाटते, पण आलं ते आलं.

रविवार, १७

आज सगळ्यांचा मूड पालटला. जेवायला बसल्यावर दिराने स्वतःहून विषय काढला. "वहिनी, आम्ही तुमच्या दुखण्याकडे कधी नीट लक्षच दिलं नाही. नक्की कशाकशाने उठतं ते तरी सांगा, म्हणजे आम्हाला जपता येईल."

मला भरूनच आलं. सगळं सांगितलं. पाऊस तर आहेच, पण भडक अत्तर, लुकलुकणारा दिवा, चॉकलेट, झोपमोड, अचानक मोठा आवाज, जेवायला उशीर. सगळे कान टवकारून ऐकत होते. जाऊने तर परत विचारलं, "अत्तर म्हणजे कुठल्या प्रकारचं, ताई? फुलांचं की उग्र?" मी म्हटलं उग्र. तिने मान डोलावली. इतकी वर्षं उगाच मी हिला आतल्या गाठीची म्हणत होते.

नवरा तेवढा ताटावरून मध्येच उठून गेला.

मंगळवार, १९

माणसं बदलतात, हे मी आज मान्य करते. सासूबाईंनी सकाळी स्वतःच्या हाताने चॉकलेट भरवलं, दुपारी परत, संध्याकाळी परत. "खा गं, हाडं दिसायला लागलीत तुझी." आईसारखी माया! मीच आठवण करून दिली की चॉकलेट मला चालत नाही. "एखाद्याने काय होतंय!" म्हणाल्या. त्यांना वयामुळे विसरायला होतं.

एवढी माया चाललेली, आणि नेमक्या बारीकसारीक अडचणी आत्ताच निघायच्या होत्या. इस्त्रीच्या टेबलावरची ट्यूब कालपासून फडफडतेय. दिराला सांगितलं, तर तो स्टुलावर चढून बराच वेळ खटपट करत होता. उतरला तेव्हा आधीपेक्षा जास्त फडफडायला लागली. बिचाऱ्याला विजेच्या कामातलं काही कळत नाही. जाऊला नवीन अत्तर कुणीतरी भेट दिलंय म्हणे, ती आली की आधी वास येतो आणि मग ती येते. आणि पहाटे पहाटे सासूबाईंना मिक्सर लावायची हुक्की येते. विचारलं काय वाटताय, तर म्हणाल्या, "काही नाही, चालतो का बघतेय."

डोकं दुखलं नाही. तेलाला मानलं पाहिजे.

गुरुवार, २१

आज दुखलं. फार नाही, पण दुखलं. अत्तर, ट्यूब आणि मिक्सर, तिन्ही एकदम झालं. जाऊला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझे हात धरून म्हणाली, "खरंच ताई? खरंच?" धावत खाली गेली. दीर वर आला.

"किती दुखतंय वहिनी? रिमझिम की मुसळधार?"

"मध्यम," मी म्हटलं.

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. सगळ्या चादरी धावपळ करून शेडमध्ये नेल्या, दिराने सगळ्यांना चहा मागवला. मी अंधाऱ्या खोलीत पडून बाहेरची लगबग ऐकत होते आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. दुखत होतं तरी बरं वाटत होतं.

पाऊस आला नाही. दिवसभर कडकडीत ऊन. शेडमध्ये चादरी कुबटल्या.

"खोटं दुखलं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, खोटं कसं दुखेल?"

"अत्तराचं होतं ते, आभाळाचं नव्हतं," जाऊ म्हणाली आणि दिराने तिच्याकडे असं पाहिलं की ती एकदम काउंटरवर काम आठवून निघून गेली. काय बोलली ते मला नीटसं कळलं नाही. पण संध्याकाळपासून ट्यूब एकदम छान लागतेय, आणि अत्तराची बाटली फुटली म्हणे.

शनिवार, २३

माझ्या तेलाचं एक नवल लिहून ठेवते. बाटली संपत नाही. रोज थेंब घेते, पण काल तेल मानेपाशी होतं आणि आज त्याहून वर. शाळेत शिकवलं होतं की गरम झालं की तेल फुगतं, त्यातलाच प्रकार असावा. चवीचंही तसंच. एक दिवस गवत, एक दिवस शेंगदाणे, मग परत गवत. परवा तर भजी तळलेल्या कढईचा वास आला. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्या रजेवर आहेत. त्यांच्या मदतनीस बाई म्हणाल्या की वनस्पतीचं तेल आहे, थोडाफार फरक पडायचाच.

डोकं ठीक. पाऊस नाही.

सोमवार, २५

संताप संताप झालाय. नवऱ्याचं बिंग फुटलं. समोरच्या दुकानदारीणबाई म्हणाल्या, "तुमचे मिस्टर औषधाच्या दुकानात फार दिसतात हल्ली." दुपारी त्याच्या कोटाच्या खिशात बघितलं, तर माझ्याच तेलाची बाटली! अर्धी! माणूस चोरून माझं तेल पितो! कधी एका शब्दाने माझी चौकशी नाही आणि तेलावर डोळा! म्हणूनच बॉयलरपाशी इतका शांत बसलेला असतो. विचारणार होते, पण आधी रंगेहाथ पकडते आणि मग बघते.

शुक्रवारची तयारी सुरू आहे. मोठ्या हॉटेलचं उद्घाटन आहे, त्यांच्या सगळ्या मजल्यांच्या नव्या चादरी गुरुवारी रात्री आपल्याकडे येणार. धुवून, वाळवून, कडक इस्त्री करून एका दिवसात परत द्यायच्या. जमलं तर कायमचं काम, नाही जमलं तर ते दुसरी लॉन्ड्री बघणार. दीर येता-जाता माझ्या कपाळाकडे बघतो.

बुधवार, २७

आज रंगेहाथ पकडलं.

दुपारी नवरा बॉयलर सोडून वर गेला, म्हणून मी दबक्या पावलांनी मागोमाग. आमच्या खोलीचं दार उघडं होतं. कपाटापाशी सासूबाई उभ्या. एका हातात माझी बाटली, बाटलीत इवलंसं नरसाळं, आणि दुसऱ्या हाताने स्वयंपाकघरातल्या किटलीतून खायचं तेल ओततायत. आणि त्यांच्या मागे, पडद्याशेजारी, माझा नवरा. हातात ती अर्धी बाटली घेऊन, बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा, मुकाट.

सासूबाई वळल्या आणि त्याला बघून किंचाळल्या. "तू इथे काय करतोयस?"

"तुझं झालं की मी भरतो," तो म्हणाला.

"काय भरतोस?"

"खरं."

"म्हणजे मी रोज हे ओतते ते..."

"मी रोज काढतो. आणि खरं घालतो."

"तरीच!" सासूबाईंनी नरसाळं आपटलं. "तरीच मेलं दुखत नाही!"

तेव्हा त्यांना मी दिसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना वर बोलावलं, यंत्रं बंद करून. दिराने लपवालपवी केली नाही, हे त्याचं खरं. चॉकलेट, ट्यूब, अत्तर, मिक्सर, सगळं कबूल केलं. अत्तराच्या दुखण्याने पाऊस कळत नाही हे ध्यानात आल्यावर ठरलं की वरून काही करायचं नाही, नुसतं तेल बंद करायचं, म्हणजे आभाळाचं दुखणं आपोआप येईल. जाऊ रडत म्हणाली, "ताई, त्या अत्तराने मलाच मळमळायचं हो."

"आम्ही काय तुमचे वैरी आहोत का?" दीर म्हणाला. "धंदा सगळ्यांचा आहे."

"डोकं माझं आहे!"

"डोकं तुझं असलं तरी दुखणं घराचं आहे," सासूबाई म्हणाल्या. आणि त्या अगदी मनापासून म्हणाल्या. त्यात वाईट काही बोललो असं त्यांना वाटलंच नाही.

मला एकदम रडू कोसळलं. इतकी वर्षं दाराबाहेर येऊन सगळे विचारायचे, कसं आहे, किती आहे, आणि मी आत पडून समजायचे की माझी काळजी करतायत. कुणी माझ्याबद्दल विचारतच नव्हतं. सगळे आभाळाबद्दल विचारत होते.

"वाळवायचं यंत्र घ्या एखादं," नवरा म्हणाला.

"घरात डोकं असताना यंत्र कशाला?" दीर म्हणाला, आणि मग स्वतःच जरा ओशाळला. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, फक्त शुक्रवारपुरतं. आज आणि उद्या थेंब घेऊ नका. आमच्यासाठी एवढं कराच. मग कधी मागणार नाही."

खोटं लिहीत नाही. मी 'बरं' म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. चार माणसं तोंडाकडे बघत असली की माझ्या तोंडून नाही निघत नाही, आणि जे काम दुसऱ्या कुणाला येत नाही ते मला येतं, याचा थोडा मोहही होताच.

नवऱ्याने बाटली माझ्यापुढे टेबलावर ठेवली. "घे," म्हणाला.

"तुम्हाला काय एवढं पडलंय?" मी त्याच्यावरच खेकसले. "तुम्ही तर कधी विचारतसुद्धा नाही!"

"विचारून काय करू? दुखतंय ते दिसतं." मग म्हणाला, "त्या दिवशी तू जिन्यात गात होतीस. वाईट गात होतीस. पण लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदा ऐकलं."

मी सगळ्यांच्या देखत थेंब घेतले. शेवटी दीर उठला. "ठीक आहे. घराचं दुखणं आहे ना, मग मी दुखवून घेतो." आधी मला वाटलं तो चिडून बोलतोय. पण तो माझा रुमाल मागायला लागला.

गुरुवार, २८

दीर दिवसभर माझ्या अंधाऱ्या खोलीत ओला रुमाल बांधून पडून होता. सासूबाई दारापाशी जाऊन विचारत होत्या, "काही येतंय का रे?" तो म्हणायचा, "थांब, लागेल जरा वेळ." तिन्हीसांजेला बाहेर आला, डोळे मिचकावत. "स्वच्छ," म्हणाला. "उद्या ऊन. माझं डोकं सांगतंय."

माझं डोकं काही म्हणत नव्हतं. मी माझे थेंब घेतले.

शुक्रवार, २९

सकाळी सगळ्या चादरी गच्चीत गेल्या. टोकापासून टोकापर्यंत दोऱ्या, सगळं पांढरंशुभ्र, डोळे दिपत होते आणि तरी डोक्याला काही होत नव्हतं. मी चिमटे सरळ करत, कडा ओढत फिरत होते. ऊन कधी गेलं ते कळलं नाही. वर बघायला हवं होतं, पण वर बघायची मला सवयच नाही.

हातावर थेंब पडला. मला वाटलं चादर नीट पिळलेली नाही, आणि जाऊवर ओरडले. मग दुसरा थेंब कपाळावर पडला, मग सगळीकडूनच. खालून सासूबाईंची हाक, जिन्यात धावपळ, दीर कपाळावर रुमाल बांधलेलाच वर आला आणि ओरडायला लागला, "काढा! वहिनी, काढा!" नवरा एका दोरीवरून चादरी ओढत होता, जाऊ दुसऱ्या. काही वाचलं नाही. मोठ्या हॉटेलच्या सगळ्या मजल्यांचा लगदा झाला. दीर मधोमध बसला, दोन्ही हातांनी डोकं धरून. आता त्याचं खरंच दुखत होतं.

मला धावायला हवं होतं. मी उभी राहिले. या घरात आल्यापासून मी पाऊस फक्त ऐकलाय, खिडक्या लावलेल्या खोलीतून, उशीत तोंड खुपसून. तो इतका गार असतो आणि पदरातून, केसांतून, कानांत शिरतो, हे मी विसरले होते. मला हसू आवरेना. सासूबाई ओरडल्या, "वेडी झालीस का गं?" नवरा भिजलेल्या चादरीचं गाठोडं पोटाशी धरून माझ्याकडे बघत उभा राहिला होता.

पाऊस येणार हे मला माहीतच नव्हतं. सगळ्यांना कळतं तसंच कळलं, अंगावर आल्यावर.